खवीस कुणाचा?

रहिमतपूर हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातले जुन्या बाजारपेठेचे गाव. पुणे-मिरज रेल्वेने जाणाऱ्यांना ते स्टेशनच्या पाटीवरून माहीत असते, नाटकाच्या रसिकांना वसंत कानेटकरांचे जन्मगाव म्हणून, आणि इतिहास चाळणाऱ्यांना तिथल्या आदिलशाही मशिदीमुळे व मकबऱ्यामुळे. १८८५ साली निघालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरने हा मकबरा विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याचा असावा असे म्हटले आहे. जवळच पाण्याचा एक उंच मनोरा आहे. हत्तीकरवी मोट ओढून पाणी वर चढवायचे आणि ते मशिदीला व कारंज्याला पुरवायचे, अशी त्याची योजना होती. जुनी मशीद, जुनी कबर आणि जुना मनोरा ज्या गावात आहे तिथे भुतांच्या गोष्टींना तोटा पडत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही लहान असताना दिवाळीच्या सुट्टीत आळीतली सगळी पोरे रात्री एका ओट्यावर जमत. पाऊस सरलेला असे, हवेत गारवा आलेला असे, आणि किल्ला करून झाल्यावर दुसरा उद्योग नसे. मग गोष्टी सुरू होत. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर, आणि खवीस मळ्याच्या वाटेवर. एका रात्री खवीसाची गोष्ट चांगली रंगली असताना गोष्ट सांगणारा मुलगा मध्येच थांबला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, “खवीस म्हंजी तुमच्यातलाच की रं!” त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. त्याने जे ऐकले होते तेच तो सांगत होता. पण ओट्यावरची सगळी तोंडे आमच्याकडे वळली, आणि काही क्षण आम्हीच त्या गोष्टीतले भूत झालो.

घरी येऊन दादीला विचारले. ती म्हणाली, “मुसलमान मरके भूत नहीं होता बाबा. मरे सो मरे.” एवढे बोलून तिने बिस्मिल्ला म्हणत आमच्या दंडावरचा ताईत नीट आहे ना, तो चाचपून पाहिला. भूत नसते तर ताईत कशाला, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. या लेखात आम्ही दोन्ही प्रश्नांकडे परत जाणार आहोत. खवीस कुणाचा, आणि ताईत कशाला?

पहिल्या प्रश्नाचा धागा शब्दात आहे. ‘खवीस’ हा मूळचा अरबी ‘खबीस’. त्याचा अर्थ भूत असा नाही. खबीस म्हणजे नापाक, दुष्ट, घाणेरडा. आपल्या मुलांना मक्तबमध्ये ज्या पहिल्या काही दुआ शिकवतात, त्यांत बैतुलखल्यात जाताना म्हणायची दुआ असते. तिच्यात ‘खुब्स’ आणि ‘खबाइस’ यांच्यापासून अल्लाहची पनाह मागितलेली आहे. खवीस हा त्याच शब्दकुळातला. दख्खनच्या मुसलमानाच्या तोंडात तो शिवीसारखा होता, आजही आहे: “खबीस कहीं का!” हा शब्द मराठीत आला, ‘ब’चा ‘व’ झाला, आणि विशेषणाचे नाम होऊन ते भुताला चिकटले. मराठी लोकसमजुतीत खवीस म्हणजे मुसलमानाचे भूत; काही ठिकाणी गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींतील माणसाचेही. म्हणजे शब्द आमचा म्हणून भूतही आमचे, असा तो हिशेब झाला. एखाद्याने शिवी द्यावी आणि ऐकणाऱ्याने ते देणाऱ्याचेच नाव समजावे, तसा हा प्रकार.

गंमत अशी की, इस्लामी श्रद्धेप्रमाणे मुसलमानाचे भूत होऊच शकत नाही. मेलेल्याचा रूह बरजखमध्ये, म्हणजे मृत्यू आणि कयामत यांच्या मधल्या मुक्कामात असतो. तो मळ्याच्या वाटेवर तंबाखू मागायला येत नाही. जिन्न आहेत, असे कुरआन सांगते. पण जिन्न ही आगीपासून निर्माण केलेली वेगळी मखलूक आहे, तो मेलेला माणूस नव्हे. मराठीने त्याचा ‘जिंद’ केला आणि त्यालाही भुतांच्या रांगेत उभे केले. तेव्हा दादी बोलली ते शरियतीला धरून होते. ताईत मात्र दुसऱ्याच वाटेने घरात आला होता.

मराठी मुलखातील भुतांची पहिली पद्धतशीर शिरगणती ज्याने सुरू केली तो माणूस इतिहासाला वेगळ्याच कारणाने माहीत आहे. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हा अधिकारी संस्कृतचा अभ्यासक होता आणि गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती गोळा करीत होता. त्याच्या मृत्यूनंतर ती टिपणे आर. ई. एन्थोवेन याने संपादून छापली. कोकणचा भाग १९१५ साली निघाला. पुढे १९२४ साली एन्थोवेनचे मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवरचे पुस्तक आले. या टिपणांतील भुतांची यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: प्रत्येक भुताला जात आहे. मुंज झालेला पण लग्न न झालेला ब्राह्मण मुलगा मेला तर मुंजा. शूद्र मेला तर देवचार. खारवी किंवा कोळी मेला तर झोटिंग. बायकांची भुते तर त्यांच्या सौभाग्यावरून आणि बाळंतपणावरून वाटलेली. जातीच्या समाजाने आपले स्मशानदेखील जातवार मांडले होते. अशा यादीत मुसलमानासाठी एक घर रिकामे राहणे शक्यच नव्हते. म्हणून खवीस आमच्या वाट्याला आला ही निव्वळ आमच्यावरची कुरघोडी नव्हे. गावगाड्यात आमची जागा होती, त्याचाही तो पुरावा आहे. परका असतो त्याला गाव आपल्या भुतांतही धरत नाही.

पण गावाने आमच्या माथी केवळ भूत मारले असेही नाही. उताराही आमच्याकडेच मागितला. मगरिबची नमाज सुटायच्या वेळी मशिदीच्या दाराशी तान्ही मुले घेऊन उभ्या असलेल्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांत मराठा, माळी, धनगर, महार सगळ्या असत. नमाजी बाहेर पडत आणि मुलावर फुंकर घालीत. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात नवसाला येणाऱ्यांची जात कुणी विचारलेली नाही. भूत आमचे आणि ताईतही आमचा! ज्याची भीती वाटते त्याच्याच हातात त्या भीतीचे औषध आहे, असे माणसाला नेहमी वाटत आले आहे.

आता हे सारे आश्विन-कार्तिकातच का उसळते, ते पाहू. पहिले कारण पंचांगाचे. भाद्रपदाचा वद्य पक्ष हा पितरांचा. सर्वपित्री अमावस्या झाली की नवरात्र, मग कोजागरी, मग दिवाळी. मेलेल्यांची आठवण आणि नव्या धान्याचे स्वागत अशी ही एकामागोमाग एक रांग आहे. अधिकमास धरल्यामुळे हिंदू पंचांगातला पितृपक्ष आपला ऋतू सोडत नाही. आपले मात्र तसे नाही. हिजरी सालात अधिकमास नाही. ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. त्यामुळे कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांसाठी दुआ मागण्याची आपली रात्र, शब-ए-बरात, कधी उन्हाळ्यात येते, कधी भर पावसात.

तरी अधूनमधून दोन्ही पंचांगे एका जागी भेटतात. शब-ए-बरात ही शाबानची पंधरावी रात्र, म्हणजे चंद्र भरलेला. कोजागरी ही आश्विनातली पौर्णिमा. २००२ आणि २००३ या दोन्ही वर्षी त्या एक-दोन दिवसांच्या अंतराने आल्या. एकीकडे गच्चीवर दूध आटवून लोक जागत होते, दुसरीकडे कबरस्तानात अगरबत्त्या लावून आणि मशिदीत नफिल पढून लोक जागत होते. चांदणे एकच होते. आता असा योग २०३५ च्या सुमाराला पुन्हा येईल. आपल्यातले काही आलिम शब-ए-बरातीच्या रूढींना बिदअत म्हणतात, काही त्या पाळतात. तो वाद इथे आमचा विषय नाही. मेलेल्यांसाठी एक रात्र राखून ठेवावीशी वाटणे ही गोष्ट कोणत्याही एका पंचांगाची मिरासदारी नाही, एवढेच नोंदवायचे आहे.

दुसरे कारण शरीराचे. शरद ऋतू वैद्यांची आई, असे आपल्याकडे जुने लोक म्हणत. पावसाचे पाणी डबक्यांत साचलेले, डास झालेले, दिवसा ऊन आणि रात्री गारवा. हिवतापाची लाट याच वेळी येई. हिवताप डासांच्या पोटातून येतो हे रोनाल्ड रॉसने आपल्याच दख्खनमध्ये, सिकंदराबादेत, १८९७ साली दाखवून दिले. पण गावापर्यंत ती गोष्ट पोचायला कितीतरी वर्षे लागली. तोवर ठराविक वेळी हुडहुडी भरून येणारा, बरळायला लावणारा ताप म्हणजे बाहेरची बाधाच समजली जाई. १९१८ च्या शरदात तर कहर झाला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात इन्फ्लुएंझाची जी लाट आली तिला आपल्या लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे गेली. धडधाकट तरुण माणूस सकाळी शेतावर गेला आणि तिसऱ्या दिवशी नाही. अशा ऋतूच्या आठवणींतून भुते निघाली नसती तरच नवल. आपल्या आजीपणजींच्या गोष्टींतली कितीतरी भुते खरे तर त्या वर्षीची न रडलेली मयते असावीत, असे आम्हाला वाटते.

तिसरे कारण छापखान्याचे. का. र. मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. ज्या वर्षी जॅक्सन मारला गेला, तेच हे वर्ष. पुढे दिवाळी अंकांची प्रथा पडली, आणि फराळासोबत गूढकथाही आली. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या अंकांनी ती घराघरांत नेली, नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी तिला वाचक मिळवून दिले. ओट्यावरची गोष्ट अशी कागदावर आली. आम्ही स्वतः धारप वाचून रात्री दिवा चालू ठेवून झोपलेलो आहोत, हे कबूल करायला हरकत नाही.

आता दुसरा प्रश्न: ताईत. त्यासाठी विजापूरला जायला हवे. रहिमतपूरच्या मकबऱ्याशी ज्याचे नाव जोडले गेले तो रणदुल्लाखान महंमद आदिलशहाचा नामवंत सरदार. शहाजीराजे कर्नाटकच्या मोहिमांत त्याच्याबरोबर होते. ज्या दरबाराचा तो चाकर होता, त्या दरबारात त्याच्या आधी दोन पिढ्या एक अजब ग्रंथ तयार झाला होता. त्याचे नाव ‘नुजूम-उल-उलूम’, म्हणजे विद्यांचे तारे. साल १५७०. त्यावेळी गादीवर पहिला अली आदिलशहा होता, आणि ग्रंथाचा कर्ताही तोच असावा असे आजचे संशोधक मानतात. यात ग्रह आहेत, राशी आहेत, तलिस्मे आहेत, हत्तीघोडे आणि शस्त्रे आहेत, आणि शेकडो चित्रे आहेत. त्यात ‘रूहानी’ म्हणून ज्या शक्ती चितारल्या आहेत त्या बहुतेक स्त्रीरूपात आहेत, आणि आपल्या मुलखातील योगिनींशी त्यांचे नाते उघड दिसते. फारसीत लिहिलेला, अरबी विद्या सांगणारा आणि दख्खनच्या देवींना आत घेणारा हा ग्रंथ आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.

अशा दरबारांतून दोन शब्द मराठीत उतरले. एक फाल, दुसरा रमल. फाल म्हणजे शकुन. पुस्तक उघडावे, नजर पडेल ती ओळ आपल्या प्रश्नाचे उत्तर समजावी. बादशहादेखील यातून सुटले नव्हते: पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात हाफिजच्या दिवानाची एक प्रत आहे, तिच्या समासात हुमायून आणि जहांगीर यांनी आपण काढलेल्या फालांच्या नोंदी स्वतःच्या हाताने केलेल्या आहेत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोवळकोंड्यात तर मोठाली चित्रे असलेला फालनामा तयार झाला. चित्र उघडायचे आणि शेजारचा निवाडा वाचायचा.

रमल म्हणजे अरबीत वाळू. वाळूवर मनात येतील तितक्या टिंबांच्या ओळी काढायच्या आणि प्रत्येक ओळीत टिंबे सम आली की विषम ते पाहायचे. चार ओळी मिळून एक आकृती. सम-विषमाच्या अशा सोळाच आकृत्या होऊ शकतात. पहिल्या चार आकृत्यांना आया म्हणतात, त्यांच्यापासून मुली निघतात, आणि अशी वंशावळ उतरत शेवटी एक आकृती निवाडा देते. आपल्याकडे वाळूऐवजी फासे आले आणि ‘रमल’ हा शब्द मराठी जोशांच्या पाट्यांवरही चढला. एखादा शास्त्रीबुवा रमल सांगतो तेव्हा आपण अरबी वाळू चिवडतो आहोत हे त्याच्या ध्यानीही नसते. आणि आपला आमिल योगिनीच्या दिशेला तोंड करून बसतो तेव्हा त्याच्याही ध्यानी नसते.

या सगळ्यावर मुसलमानांतच कडक टीका झालेली आहे, हे विसरून चालणार नाही. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन त्याला विचारणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही, या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. इब्न खल्दून याने चौदाव्या शतकात आपल्या ‘मुकद्दिमा’त रमल कसे मांडतात ते नीट समजावून सांगितले आणि फलज्योतिषाची दलीलवार चिरफाड केली. बंदी होती, टीका होती, आणि तरीही विद्या चालू राहिली. कारण राजाला लढाईची भीती होती आणि आईला मुलाच्या तापाची.

हीच वाळू दुसऱ्या दिशेनेही वाहत गेली. बाराव्या शतकात स्पेनमध्ये रमलाची अरबी पुस्तके लॅटिनमध्ये उतरली. तिथेही पहिल्या चार आकृत्यांना आयाच म्हटले गेले आणि शेवटच्या आकृतीला न्यायाधीश. १२५६ साली कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या दरबारात ‘गायत-उल-हकीम’ हा तलिस्मांचा अरबी ग्रंथ स्पॅनिशमध्ये आणला गेला. पुढे लॅटिनमध्ये ‘पिकाट्रिक्स’ या नावाने तो युरोपभर फिरला. पत्त्यांचेही तेच. मम्लूक इजिप्तच्या पत्त्यांत ‘नायब’ नावाची पाने होती, त्यावरून स्पॅनिश लोक पत्त्यांना ‘नायपेस’ म्हणू लागले. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा: नाव फारसी, चित्रे विष्णूच्या अवतारांची. युरोपातल्या पत्त्यांना पंधराव्या शतकात इटलीत आणखी चित्रे जोडली गेली, आणि १७८१ साली एका फ्रेंच लेखकाने ती प्राचीन मिसरी रहस्ये असल्याची आवई उठवली. त्यालाच आज टॅरो म्हणतात, आणि मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये तो फी घेऊन सांगितला जातो.

१८८८ साली लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ नावाचे एक गुप्त मंडळ निघाले. त्याच्या अभ्यासक्रमात रमलाचा लॅटिन अवतार होता, टॅरोही होता. इंग्लंडमधला जादूटोण्याचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला, आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर याने आपले पुस्तक काढून सांगितले की, ख्रिस्तपूर्व काळचा निसर्गधर्म चेटकिणींच्या रूपाने अजून जिवंत आहे. त्यातून ‘विक्का’ आणि नवे मूर्तिपूजक पंथ उभे राहिले. त्यांचा मोठा सण म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा ‘साउइन’, म्हणजेच जगभर हॅलोवीन म्हणून पोचलेली रात्र. त्या रात्री जिवंत आणि मृत यांच्यामधला पडदा विरळ होतो, असे हे लोक मानतात. हा सण मूळचा आयर्लंडचा. पण रोनाल्ड हटन यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवले आहे की, ख्रिस्तपूर्व काळी ती मृतांची रात्र होती याला भक्कम पुरावा नाही. मृतांचे स्मरण त्या दिवसांना चर्चने आणून जोडलेले दिसते. म्हणजे जे सर्वांत प्राचीन म्हणून विकले जाते ते पुष्कळदा सर्वांत अलीकडचे असते, आणि जे शुद्ध आपले म्हणून मिरवले जाते त्यात शेजाऱ्याची वाळू मिसळलेली असते. विजापूरच्या सुलतानाचा तलिस्मांचा ग्रंथ नेमका त्याच आयर्लंडच्या राजधानीत जाऊन पडावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

इथवर वाचून कुणी म्हणेल, छान आहे, सगळे एकच आहे, मग अडचण कुठे आहे? अडचण आमच्या घरात आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्या घरातल्या एका मुलीला बारा-तेरा वर्षांची असताना दिवाळीच्या सुमाराला झटके येऊ लागले. डोळे फिरवायची, दात घट्ट मिटायचे, तोंडाला फेस यायचा. शेजारणी म्हणाल्या, मळ्याच्या वाटेवर काहीतरी ओलांडले असेल. घरच्यांनी तिला एका आमिलाकडे नेले. त्याने फाल उघडला, करणी निघाली. मग पलिता जाळून त्याचा धूर दिला, मिरच्यांचा धूर दिला, एकदा केस धरून मारलेही. दोन वर्षे गेली. दागिने गेले, शाळा सुटली. शेवटी एका डॉक्टरांनी तपासून सांगितले की हे फेपरे आहे, आपण ज्याला मिरगी म्हणतो ते. गोळ्या नियमाने घेतल्या तर पोरगी चारचौघींसारखी राहील. तशी ती राहिली. आज तिची मुले कॉलेजात आहेत. पण त्या दोन वर्षांत आम्ही काय करीत होतो? आम्ही शिकलेले होतो, नोकरी करीत होतो, इब्न खल्दूनचे नाव ऐकून होतो. आणि त्या आमिलाच्या दारात चपला काढून गुपचूप बसलो होतो. मोठ्यांना कोण बोलणार, आणि न जाणो खरेच काही असले तर, असे मनाशी म्हणत. दादीच्या ताईतामागे हाच ‘न जाणो’ होता.

साताऱ्याच्या भूमीतच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी याविरुद्ध आयुष्यभर काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने मंजूर केला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे, साप-विंचू चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देता गंडेदोरे करणे, अशा गोष्टी त्याखाली गुन्हा ठरतात. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा कायदा भगताला आणि आमिलाला एकाच मापाने मोजतो. तो येण्याआधी आपल्यातही कुजबुज झाली होती की, हा दर्ग्यांवर घाला आहे. कायद्याने दर्ग्यावर फातिहा पढण्याला हात लावलेला नाही. हात लावला आहे तो तेरा वर्षांच्या मुलीचे केस धरणाऱ्या हाताला. आम्हाला विचाराल तर, तो कायदा वीस-पंचवीस वर्षे आधी यायला हवा होता.

रेल्वेच्या डब्यात, बसस्टँडच्या भिंतीवर ‘बंगाली बाबा’ची पत्रके आपण पाहतो. नाव बहुधा मुसलमानी असते, गिऱ्हाईक सर्व धर्मांचे. खवीसाला मुसलमान ठरवणारी आणि उतारा मुसलमानाकडे मागणारी जुनी गावसमजूतच या पत्रकांच्या धंद्याचे भांडवल आहे. आपण खवीस आपला नाही म्हणून चिडायचे आणि हे बाबा आपले म्हणून गप्प बसायचे, हे दोन्ही एकदम जमणार नाही.

फाल, रमल, रूहानी, गंजिफा हा आपला इतिहास आहे. त्याची लाज वाटायचे कारण नाही. ‘नुजूम-उल-उलूम’ची चित्रे पाहावीत, दख्खनच्या सुलतानाने शेजाऱ्याच्या देवींना किती आदराने कागदावर घेतले ते समजून घ्यावे. रमलाच्या सोळा आकृत्या मुलांना गणित म्हणून शिकवाव्यात. सम-विषमाचा तो सुरेख खेळ आहे. फक्त मुलीला झटके आले तर तिला डॉक्टरकडे न्यावे.

मागच्या दिवाळीत रहिमतपुरात होतो. वीज गेली तशी नातवंडे आणि आळीतली त्यांची मित्रमंडळी आमच्याभोवती जमली. गोष्ट सांगा म्हणाली. भुताचीच हवी होती. आम्ही खवीसाची सांगितली: मळ्याची वाट, अंगावर घोंगडी, तंबाखू मागणारा हात. मुले एकमेकांना बिलगली. मग त्यातल्या एकाने विचारलेच, “आजोबा, पण खवीस कुणाचा असतो?”

आम्ही म्हणालो, “जो त्याला घाबरतो त्याचा. आता पुढे ऐक.”